अर्धा किलो काळी

माती उन्हात वाळवायची नसते. सावलीत, कागदावर पसरून, पंखा न लावता वाळवायची असते. हे एक वाक्य नोकरीत मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे, आणि निवृत्त झाले तरी ते काही तोंडातून सुटलेलं नाही. परवा सुनेने कुंडीतली माती गच्चीवर उन्हात पसरलेली मी पाहिली आणि सुरू झाले. ती म्हणाली, "आई, ती फेकायचीच आहे." फेकलेली माती हा माझा दुखरा भाग आहे, आणि त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

जालन्यात ज्या प्रयोगशाळेत मी माती तपासायचे, तिथे उत्तरेच्या बाजूला एक लांबट खोली होती. खिडक्या अर्ध्या लावलेल्या. जमिनीवर ओळीने जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली आणि प्रत्येक कागदावर एकेक शेत वाळत पडलेलं. अंबडकडची चिकट काळी, राजूरच्या बाजूची तांबूस, हलकी, मुरमाड, वाटूरची इतकी गर्द की संध्याकाळी तिथला कागद दिसेनासा व्हायचा. भोकरदन आणि परतूर एकमेकांना खेटून. डबा खाऊन झाल्यावर मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायचे. काम काही नसायचं. वाळणाऱ्या मातीला वास असतो, आणि प्रत्येकीचा वेगळा. दुपारी तिथे उभं राहिलं की आपण कुठल्यातरी मोठ्या अंगणात आलो आहोत आणि सगळा जिल्हा वामकुक्षी घेतोय, असं वाटायचं. आमचे शेखभाई, म्हणजे माती कुटून चाळणारे आमचे शिपाई, मागून हळूच म्हणायचे, "बाई, दार ओढून घ्या. झोपू द्या त्यांना."

बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर सोपं आहे. शेतकरी माती आणतो, आम्ही तिच्यात काय कमी, काय जास्त ते सांगतो. पण माती आणायची कशी, यातच निम्मी गंमत. बांधाजवळची घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याशेजारची तर बिलकुल नाही. नागमोडी चालत शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी घमेल्यात कालवायची. मग ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची आणि नावाची चिठ्ठी आत घालायची. पाच एकरांचा जीव अर्ध्या किलोत आणायचा, तर एवढं करावंच लागतं.

लोक तसं करत नसत. शेताच्या सगळ्यात झकास कोपऱ्यातली माती घेऊन येत. मुलगी दाखवायला आणल्यासारखं. एकाने तर खत टाकलेल्या वाफ्यातलीच आणली. मी म्हटलं, "काका, एवढी श्रीमंत जमीन आहे तर तपासता कशाला?" ते म्हणाले, "बाई, चार माणसांत कागद दाखवावा लागतो." मंठ्याकडचे एक गृहस्थ आमच्या तपासणीची पत्रिका घेऊन परत आले आणि टेबलावर आपटून उभे राहिले. सेंद्रिय कर्बापुढे 'कमी' लिहिलं होतं. म्हणाले, "माझ्या मायला कमी म्हणता? चार पिढ्या खाऊ घातलं तिनं." मी शेणखत सांगितलं, हिरवळीचं खत सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं, पण 'कमी' शब्द खोडून द्या म्हणून अडून बसले. शेवटी मी पेनाने बाजूला लिहिलं, 'थकली आहे'. तेव्हा उठले.

राजूरजवळच्या एका माणसाने नमुना आणला तो खणात बांधून. सोडून पाहते तर मातीत हळकुंड, सुपारी, अक्षता, वरून कुंकवाची बोटं. माझं डोकं फिरलं. "अहो, सगळा नमुना बिघडवला की तुम्ही."

"मायनं भरली ओटी," तो म्हणाला. "म्हणली, काळी घराबाहेर जाऊन राह्यली, लेकीला कोणी रिकामी धाडतं का?"

"ही सासरी नाही आली. तपासायला आली आहे."

"मंग परत कवा न्यावी?"

मी हसले आणि दुसरा नमुना आणायला सांगितला. माती परत न्यायची नसते, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गाव ज्या जागेवर वसलंय तिला पांढरी. रंगावरून पडलेली नावं, पण म्हातारी माणसं ती देवाच्या नावासारखी उच्चारतात. पांढरी सांभाळते, काळी पोसते. शेतात शिरताना वाकून मातीला हात लावतात आणि तो कपाळाला नेतात. एकदा नवीन साहेब आम्हाला अंबडच्या पलीकडे एका गावी नमुना कसा घ्यायचा ते दाखवायला घेऊन गेले, तो दिवस नेमका नागपंचमीचा. ज्यांचं शेत होतं ते आजोबा म्हणाले, "आज न्हाई. आज भुईला दुखवत न्हाईत." साहेब म्हणाले, वीतभर खड्डा आहे. आजोबा म्हणाले, "आज आमच्या घरात भाजीसुदिक चिरली न्हाई साहेब, आन् तुमी कुदळ घेऊन आल्ते." आम्हाला पुरणाचे दिंड खाऊ घातले आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. त्यांनी स्वतः कुदळ घेतली, आधी जमिनीला हात लावला, ओठातल्या ओठात काही पुटपुटले. काय म्हणालात, म्हणून विचारलं. "लोखंड लावायच्या आधी इचारावं लागतं," एवढंच बोलले. जीपमध्ये मी ड्रायव्हरला ही गोष्ट नक्कल करून सांगितली, आणि आम्ही दोघं हसलो.

मला हसू यायचं, कारण मला शेतच नव्हतं. माझे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील शाळेत मास्तर, नवरा बँकेत. आमच्या घरच्या घटाची माती बाजारातून यायची, कागदाच्या पुडीत. मला माती म्हणजे सामू, कर्ब, स्फुरद, पालाश. आम्लाचा थेंब टाकला की आमची काळी फसफसते, कारण तिच्यात चुना असतो. तिचं पाणी गाळून त्यात औषध घातलं की निळा रंग चढतो, आणि निळा जितका गडद, तितकं स्फुरद जास्त. ते निळं चढताना बघायला मला फार आवडायचं. एका रांगेत पंचवीस काचेच्या नळ्या, पंचवीस शेतं, आणि हळूहळू प्रत्येकीत वेगळं आभाळ. त्यात मी इतकी रमले होते की माती हाताला कशी लागते, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

निवृत्तीला तीनेक वर्षं होती तेव्हाची गोष्ट. सर्वपित्रीचा दिवस, कार्यालय अर्धं रिकामं. सकाळी अकराच्या सुमारास एक सत्तरीच्या बाई दाराबाहेर चपला काढून आत आल्या. फिकट लुगडं, हातात कापडी पिशवी. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेला एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"ही पावती," त्या म्हणाल्या.

मी उघडून पाहिलं. आम्हीच दिलेली जमिनीची पत्रिका, अडीच वर्षांपूर्वीची. गाव वाटूरच्या अलीकडचं. नाव त्यांच्या मुलाचं.

"मावशी, ही पावती नाही. तुमच्या जमिनीत काय आहे, काय नाही, ते लिहिलंय यात."

"ते असंन. पर वर नंबर घातलाय न्हवं? आमची अर्धा किलो माती तुमच्याकडं जमा हाय. ती न्यायला आले मी."

मला हसू फुटलं. खलबत्त्याशी बसलेले शेखभाईही हसले. बाई हसल्या नाहीत. उभ्याच होत्या. मग मी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांनी सांगितलं ते ऐकून माझं हसू जिरलं.

त्यांचं नाव कौसाबाई. त्यांचं सगळं वावर मोठ्या रस्त्यात गेलं होतं. पैसे मिळाले, मुलाने जालन्यात घर बांधलं, नातवंडं इथल्या शाळेत जायला लागली. वाईट काहीच नव्हतं. पण आदल्या नवरात्रात मुलाने घटासाठी बाजारातून माती आणली. त्यांनी गहू पेरला, घट ठेवला, रोज माळ चढवली. पाचव्या माळेपर्यंत कोंब आला नाही. सातव्याला उचकटून बघितलं तर दाणे फुगून बुरसलेले.

"पाणी जास्त झालं असेल, मावशी."

"पन्नास वर्सं घट बसवून राह्यले मी. मला पाणी शिकवता का?"

मी पत्रिकेची घडी घातली.

"घटाला आपल्याच काळीची माती लागती, बाई. वर्साला तिलाच सांगत आलो ना आपण, लेकरं सुखात ठिव, दाणा दे. आता भलतीलाच कसं सांगावं? तिला काय ओळख हाय आमची?" पदराने त्यांनी तोंड पुसलं. "उद्या घट. माती घावली तर बसवीन. न्हाई घावली तर न्हाई बसवणार. सासूनं माझ्या वटीत घातल्याला घट हाय तो. माझ्याच हातानं मोडला म्हणायचं."

"शेताच्या कडेची कुठे मिळाली नाही?"

"जाऊन आले ना. वरची सगळी खरवडून टरकानं नेली, मुरूम दाबला, त्याच्यावर डांबर. एक ढेकूळ न्हाई. मंग ध्यानात आलं, आपली अर्धा किलो सरकारात जमा हाय."

आता इथे खरं बोलायला हवं होतं. तपासून उरलेली माती आम्ही एक हंगाम ठेवतो, कुणाची तक्रार आली तर पुन्हा तपासायला. हंगाम संपला की मागच्या भिंतीजवळ ओतून देतो. नवीन नमुन्यांना जागा लागते. त्यांची माती केव्हाच गेली होती, आणि बहुधा मीच टाकली होती. ते त्या चेहऱ्याकडे बघून मला सांगवेना. मी म्हटलं, "थांबा, बघते," आणि साठवणीच्या खोलीत गेले.

तिथे त्या हंगामाच्या पिशव्या होत्या. त्यांच्याच गावच्या पाच-सहा सापडल्या. एक उघडली, चिठ्ठी न वाचता ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि निम्मी माती कागदावर ओतली. गाव तेच, शिवार तेच, सामूत, म्हणजे पीएचमध्ये, फार तर एक-दोन दशांशांचा फरक. शास्त्राने पाहिलं तर काय बिघडणार होतं? शेखभाई दारात उभे होते. म्हणाले, "बाई, हे बराबर नाही." मी त्यांना डोळ्यांनीच दाबलं.

कौसाबाईंनी कागद मांडीवर घेतला. चिमूटभर माती तळहातावर घेतली, थुंकीने ओली केली, दोन बोटांत वळली. वास घेतला. जिभेला लावली. डोळे मिटलेले. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मग त्यांनी डोळे उघडले.

"ही आमची न्हाई."

"मावशी, तुमच्या गावचीच आहे."

"गावची हाय. नामदेवची हाय ही. खालच्या अंगाच्या वावरातली. वढ्याचा गाळ येतो त्याच्यात, वळती करताना रेती लागती बोटाला. आमची लोण्यावाणी."

मी खिशातली चिठ्ठी काढली. तिच्यावर नामदेवचं नाव होतं, आडनावासकट. अठ्ठावीस वर्षं मी माती तपासत होते आणि हातात घेऊन मला एकाही शेताचं नाव सांगता आलं नसतं.

"खोटं कामून बोलल्या, बाई?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी सगळं सांगितलं. टाकली, म्हणून सांगितलं. त्या खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "कुठं टाकली?"

मागच्या भिंतीजवळ तो ढीग होता. वर्षानुवर्षांच्या मातीचा, पावसाने बसून बसून बांधासारखा झालेला. त्यावर तरोटा माजलेला, एक पपई आपोआप उगवलेली. नळ्या धुतलेलं पाणीही आम्ही तिथेच फेकायचो. मी ढिगावर चढून त्यांना हात देणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चपला काढा, बाई." मी काढल्या. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी तिथे अनवाणीच जात राहिले. नवीन मुली हसायच्या. हसू दिलं.

"किती गावांची हाय?"

मी सांगायला लागले. अंबड, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफ्राबाद. एकेका तालुक्यातली शंभर-शंभर गावं. सांगता सांगता मी पायाखाली पाहिलं. कुणीतरी नागमोडी चालत, वाकून, खरवडून, चार भाग करत आणलेली माती. कुणी ओटी भरून आणलेली. सगळी एकमेकींत मिसळून उन्हात पडलेली. कौसाबाईंनी मूठभर घेतली आणि कितीतरी वेळ धरून बसल्या.

"ह्याच्यात हाय आमची," त्या म्हणाल्या.

"असेल. पण कुठे, ते मला नाही सांगता येणार. मावशी, हीच न्या. थोडी का होईना, असेल."

त्यांनी मान हलवली. "न्हाई, बाई. ह्यात किती जणींच्या काळ्या हायेत. म्या आमचीला हाक मारली तर बाकीच्या सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत्याल. त्यांना काय देऊ?" मूठ परत ढिगावर सोडली, हात पुसलेही नाहीत.

आम्ही तिथेच पपईखाली बसलो. मी म्हटलं, "मग नामदेवची? तुमच्या भावकीतली ना?"

"चुलत दीर माझा. एकाच आज्याची जमीन. तशी कुळाचीच काळी ती."

"मग निम्मी पिशवी आहेच. घेऊन जा."

"त्यानं तुमाला दिली, मला न्हाई. अशी उचलून नेत न्हाईत. मागावी लागती."

"मग मागा ना."

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "वीस वर्सं झाली, बोलणं न्हाई."

दोन्ही वावरांच्या मध्ये एकच बांध होता. एका उन्हाळ्यात नामदेवने तो आपल्या बाजूने नांगरत नांगरत दोन हात वर सरकवला, असं कौसाबाईंच्या नवऱ्याचं म्हणणं. नामदेवने मारुतीच्या देवळात हात ठेवून सांगितलं, सरकवला नाही. गावाने त्याचं खरं धरलं. "मालक मरेपर्यंत म्हणत राह्यला, माझी दोन हात गेली, कौसे, माझी दोन हात गेली. लोक हसायचे, एवढी जमीन असून दोन हातांचं काय रडतो. मालक गेला तवा नामदेव दारात आला न्हाई. मूठभर माती टाकायला बी आला न्हाई. त्याच्याकडं मागू?"

चिठ्ठीवर मोबाइल नंबर लिहिलेला होता. मी विचारलं, लावू का? त्या हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. पदर सारखा करत बसल्या. मी लावला.

"माती खराब निघाली का, म्याडम?" नामदेवचा पहिला प्रश्न.

"नाही, माती चांगली आहे. इथे तुमच्या वहिनी बसल्यात. कौसाबाई." पलीकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता, तो कोणीतरी बंद केला. मी सगळं सांगितलं, रस्ता, बुरसलेला घट, उद्याचा दिवस. "तुमच्या पिशवीतली द्यायची का त्यांना? तुम्ही हो म्हणालात तर."

मग तो म्हणाला, "त्या पिशवीतली देऊ नका," आणि फोन ठेवला.

कौसाबाईंना ऐकू गेलं होतं. "म्हणलं ना," एवढंच म्हणून त्या उठल्या. त्यांच्या चपला दाराशी होत्या, तिकडे निघाल्या. त्या घरी जाऊन घटाचं मडकं पालथं घालणार आणि ते माझ्या हातून झालं, हे मला धडधडीत दिसत होतं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. शेखभाईंनी ओळखलं. "आपा, चहा घेतल्याशिवाय नाही जायचं. ऊन उतरू द्या," म्हणून त्यांनी अडवलं आणि वाळवणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर सतरंजी टाकून दिली.

चहा पिऊन झाल्यावर त्या तिथेच बसून राहिल्या. खिडकीतून उन्हाची पट्टी कागदांवरून सरकत होती. "ही कुणाची?" त्या विचारायच्या. मी चिठ्ठी वाचून सांगायचे, अमुक गाव, अमुक माणूस. त्या हात लांब करून चिमूट घ्यायच्या, बोटांत वळायच्या आणि सांगायच्या. "हिला पाणी लय पाजलंय." "हिच्यात कापूस दम काढून राह्यला." "ही पडीक हाय, पाच-सात सालाची." मी पुढच्या कागदाकडे जायचे. किती वेळ गेला कळलं नाही. मला वाटायला लागलं, आम्ही दोघी पायी पायी सगळा जिल्हा हिंडून राहिलोय, बांध ओलांडत, कुणाच्या विहिरीवर पाणी पीत, आणि वाटेत कुठेच रस्ता नाही. त्यांनी सांगितलेलं मी नंतर यंत्रावर तपासून पाहिलं नाही. तशी इच्छाच झाली नाही. पुढे भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला. शेखभाईंनी कुटणं थांबवलं, आवाज नको म्हणून.

चारच्या सुमारास दाराशी एक मोटारसायकल येऊन थांबली. साठीच्या पुढचा एक माणूस, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला, दोन्ही हातांत रुमालाचं गाठोडं धरून उभा राहिला. चपला त्यानेही बाहेर काढल्या. कौसाबाई जाग्या झाल्या आणि पदर पुढे ओढून भिंतीकडे बघायला लागल्या. मी नाव विचारायची गरज पडली नाही.

"वहिनी," तो म्हणाला.

"मी मागितली न्हाई," त्या भिंतीलाच म्हणाल्या. "बाईंनी फोन लावला. तुझ्या वावरातली मला नको."

"माझ्या वावरातली न्हाईच ही."

तो खाली बसला. गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं, सोडलं नाही. मी आणि शेखभाई उठून जावं की थांबावं या विचारात तसेच राहिलो.

"बांधाच्या अलीकडून आणली," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. "माझ्या अंगाची दोन हात. दादा खरं बोलत होता, वहिनी. मीच सरकवला बांध. देवळात हात ठिवला तो बी खोटा. लाजंनं मातीला आलो न्हाई मी. काय तोंडानं टाकली असती?" त्याने रुमालाने तोंड पुसलं, धूळच पसरली. "रस्त्याची मोजणी आली तवा त्यांनी बांध बघून खुंट ठोकले. तुमचं सगळं रस्त्यात गेलं. ही दोन हात तेवढी माझ्याकडं राह्यली. दादाच्या वावराची दुसरी माती आता कुठंच न्हाई. फोन आला तसा जाऊन उकरली. तिला इचारून."

कौसाबाईंनी गाठ सोडली. चिमूट घेतली, ओली केली, वळली. त्यांच्या बोटांत मातीची बारीक वात झाली, तुटली नाही, आणि तिच्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा सगळा विस्कटला. त्या रडल्या, मोठ्याने, लहान मुलीसारख्या, आणि नामदेव मान खाली घालून बसून राहिला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी डोळे पुसले, पदर पसरून पुढे केला आणि म्हणाल्या, "टाक."

त्याने दोन्ही हातांनी ओंजळ ओंजळ करून सगळी माती पदरात घातली. शेवटची ओंजळ पडल्यावर कौसाबाईंनी वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"बरं झालं, नामदेव," त्या म्हणाल्या. "चोरलीस म्हणून राह्यली."